युरोपला बोल्ट पाठवताय? मग पोलादाच्या धुराचा हिशेब तयार ठेवा

युरोपात माल पाठवणाऱ्या आपल्याकडच्या बऱ्याच कारखानदारांच्या मेलबॉक्समध्ये गेल्या दोन-अडीच वर्षांत एक एक्सेल फाइल येऊन पडली आहे. जर्मनीतला किंवा इटलीतला गिऱ्हाईक लिहितो, 'कृपया सोबतचा तक्ता भरून पाठवा.' फाइल उघडली की पंधरा-वीस शीट्स. भट्टीत किती इंधन जळलं, कच्चा माल कोणत्या देशात वितळवला, एका टनामागे किती कार्बन डायऑक्साइड निघाला, असले प्रश्न. चाकणच्या किंवा सातपूरच्या कारखान्यातला डिस्पॅचवाला ती फाइल अकाउंट्सकडे ढकलतो, अकाउंट्सवाला सीएकडे, सीए सीएचएकडे (कस्टम्स दलालाकडे), आणि शेवटी काहीतरी आकडे टाकून ती परत जाते. २०२५ अखेरपर्यंत असं करून चालून गेलं. आता नाही चालणार, कारण १ जानेवारी २०२६ पासून त्या आकड्यांना पैसे चिकटले आहेत.

या व्यवस्थेचं नाव आहे कार्बन बॉर्डर अ‍ॅडजस्टमेंट मेकॅनिझम, बोलीभाषेत सीबॅम. युरोपीय संघाने मे २०२३ मध्ये तिचा कायदा केला. १ ऑक्टोबर २०२३ ते ३१ डिसेंबर २०२५ हा सरावाचा काळ होता. त्यात आयातदाराने दर तिमाहीला फक्त माहिती द्यायची होती, पैसे भरायचे नव्हते. तो काळ संपला.

सीबॅम आलं कुठून, हे थोडक्यात. युरोपातल्या पोलाद, सिमेंटच्या कारखान्यांना २००५ पासून आणि अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यांना २०१३ पासून धुराचे परवाने बाळगावे लागतात. एक परवाना म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. आजवर या जड उद्योगांना बहुतेक परवाने फुकट मिळत, नाहीतर ते बाहेरच्या स्वस्त मालापुढे टिकणार नाहीत ही भीती होती. आता फुकट परवाने टप्प्याटप्प्याने बंद होत आहेत. मग बाहेरून येणाऱ्या मालालाही तोच खर्च लावायचा, म्हणजे दोघं सारखे. आपल्याकडे पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असायचा, तसा हा युरोपच्या वेशीवरचा नाका समजा. फरक एवढाच की हा नाकेवाला मालाची किंमत विचारत नाही, माल बनवताना निघालेला धूर विचारतो. हे न्याय्य आहे का, गरीब देशांवर अन्याय आहे का, यावर भारत सरकारने वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत आणि त्यात तथ्यही आहे. पण कंटेनर न्हावाशेवाहून निघाला की त्या वादाचा उपयोग नसतो.

तुमचा माल यात येतो का?

सहा क्षेत्रं आहेत: लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज. महाराष्ट्रातल्या लघुउद्योजकाच्या दृष्टीने पहिली दोनच महत्त्वाची. पण 'आम्ही लोखंडाचं काम करतो, म्हणजे आम्ही सीबॅममध्ये' असं समीकरण नाही. सगळं ठरतं एचएस कोडवर, म्हणजे कस्टम्सच्या माल-वर्गीकरणाच्या क्रमांकावर.

पोलादात ७२ व्या प्रकरणातला बहुतेक माल येतो (भंगार वगळून). ७३ व्या प्रकरणातले मात्र निवडक कोड आहेत. ७३०१ ते ७३११ म्हणजे रेल्वेचं सामान, पाइप, पाइप फिटिंग, स्ट्रक्चर, टाक्या. मग ७३१८, म्हणजे बोल्ट, नट, स्क्रू, वॉशर. आणि ७३२६, हे 'इतर पोलादी वस्तूं'चं गाठोडं, ज्यात कितीतरी फोर्जिंगचा आणि ब्रॅकेटचा माल जातो. यादीत ७३२५ नाही. ७३२५ म्हणजे ओतीव लोखंडाच्या इतर वस्तू. मॅनहोलची झाकणं त्यातच येतात. म्हणजे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निघालेलं कास्टिंग ७३२५ मध्ये बसत असेल तर त्यावर आज सीबॅम नाही. तीच फाउंड्री ओतीव पाइप फिटिंग करत असेल तर तो कोड ७३०७, आणि त्यावर आहे. एकाच भट्टीतला माल, पण एक बाहेर आणि एक आत.

गाडीचे सुटे भाग करणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. गाड्यांच्या भागांचा कोड ८७०८, आणि तो यादीत नाही. त्यामुळे 'आमचे बोल्ट गाडीच्या चाकाला लागतात, मग ते ८७०८ मध्येच दाखवू' ही कल्पना सुचते. ती कस्टम्सपुढे टिकत नाही. बोल्ट, नट, स्क्रू हे 'सर्वसाधारण वापराचे भाग' मानले जातात, आणि गाड्यांच्या विभागाच्या टीपांमध्येच ते स्पष्टपणे वगळले आहेत. चाकाचा बोल्ट कोणत्याही गाडीला लागो, तो ७३१८ मध्येच. चुकीचा कोड टाकला तर सीबॅम राहील बाजूला, आधी चुकीच्या वर्गीकरणाचा दंड गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडेल आणि पुढची ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल.

कोडचे पहिले सहा आकडे जगभर सारखे असतात. त्यापुढचे आपले वेगळे आणि युरोपचे वेगळे. म्हणून शिपिंग बिलावरचा आठ आकडी कोड तसाच्या तसा गिऱ्हाइकाला कळवून उपयोग नाही. तो तिकडे कोणत्या कोडवर माल सोडवतो ते त्याच्याकडून लेखी मागून घ्या.

पन्नास टनांची सूट कोणाला?

ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपने नियमांत सवलत दिली. वर्षाला एकूण ५० टनांपर्यंत सीबॅमचा माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट मिळाली. ही बातमी आली तेव्हा आपल्याकडे अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, 'आम्ही तर वर्षाला तीसच टन पाठवतो.'

पण ५० टन मोजायचे ते आयातदाराचे, तुमचे नव्हे. तुमच्याकडून तीस टन, लुधियानाच्या कुणाकडून पंचवीस आणि तैवानच्या कुणाकडून शंभर घेणारा गिऱ्हाईक सुटत नाही, आणि मग तुमच्या तीस टनांचाही हिशेब द्यावा लागतो. उलटंही खरं आहे. तुम्ही वर्षाला दोनशे टन पाठवता, पण ते सहा छोट्या दुकानदारांना आणि त्यांतला प्रत्येकजण वर्षभरात सगळीकडून मिळून चाळीसच टन घेतो, तर सगळे बाहेर. म्हणून पहिला फोन गिऱ्हाइकाला करायचा, आणि एकच प्रश्न विचारायचा, 'तुमचा वर्षाचा एकूण सीबॅम माल किती टन?' तो पन्नासच्या आसपास असेल तर सावध राहा. असा गिऱ्हाईक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अचानक ऑर्डर पुढच्या वर्षावर ढकलू शकतो, आणि तुमचा तयार माल गोडाऊनमध्ये पडून राहतो.

मर्यादा ओलांडणाऱ्या आयातदाराला 'अधिकृत सीबॅम घोषणाकर्ता' व्हावं लागतं. ३१ मार्च २०२६ पर्यंत अर्ज केलेल्यांना निर्णय लागेपर्यंत आयात चालू ठेवण्याची मुभा दिली होती. तुमच्या गिऱ्हाइकाकडे ही मान्यता आहे का, हेही विचारून घ्या. लाजू नका. त्याच्या कागदांतली त्रुटी तुमच्या कंटेनरला हॅम्बुर्गच्या बंदरात अडकवू शकते.

पैसे भरायचे कोणी आणि कधी?

कायद्याने पैसे भरतो युरोपातला आयातदार. तो सीबॅम प्रमाणपत्रं विकत घेतो, मालाच्या नव्हे, धुराच्या टनाला एक. २०२६ मध्ये आलेल्या मालाची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासून विकली जाणार आहेत, आणि २०२६ चा वार्षिक हिशेब ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचा आहे. प्रमाणपत्राचा भाव तिथल्या परवान्यांच्या लिलावावरून ठरतो, २०२६ च्या मालाला तिमाही सरासरीने आणि २०२७ पासून आठवड्याच्या सरासरीने.

या तारखांनी बऱ्याच जणांची फसगत होते. बिल २०२७ मध्ये येणार म्हणजे तयारीला वर्ष आहे, असा समज. पण बिल लागतंय ते २०२६ मध्ये उतरलेल्या मालाला. जानेवारीत गेलेल्या कंटेनरचे कागद तेव्हा ठेवले नसतील, तर पुढच्या सप्टेंबरात कोणती वायर रॉड (बोल्टच्या कच्च्या मालाची जाड तार) कोणत्या बोल्टमध्ये गेली हे कोण सांगणार?

आणि 'भरतो आयातदार' हेही अर्धंच खरं. हिशेबात कमी प्रमाणपत्रं दिली तर आयातदाराला कमी पडलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रामागे १०० युरो दंड आहे, त्यामुळे तो धोका पत्करणार नाही. तो तुमच्या दरातून कापेल. निम्मे-निम्मे वाटून घेईल, नाहीतर दुसऱ्याकडे जाईल.

'पहिल्या वर्षी फक्त अडीच टक्के' हा गैरसमज

हे वाक्य सेमिनारमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, अगदी सल्लागारांच्या स्लाइडवरही दिसतं. सीबॅमचा टक्का २०२६ मध्ये २.५, २०२७ मध्ये ५, २०२८ मध्ये १०, २०२९ मध्ये २२.५, २०३० मध्ये ४८.५ असा चढत २०३४ मध्ये १०० होतो. टक्के बरोबर आहेत. पण त्यावरून 'आपल्या धुराच्या अडीच टक्क्यांवरच पैसे' असा जो अर्थ काढला जातो, तो चूक आहे.

खरा हिशेब असा. युरोपच्या कारखान्यांना फुकट परवाने मिळतात ते 'बेंचमार्क'प्रमाणे, म्हणजे त्या मालाचा चांगला, कमी धुराचा कारखाना जेवढा धूर काढतो तेवढेच. २०२६ मध्ये बेंचमार्कच्या ९७.५ टक्के धूर तुम्हालाही माफ. त्यावरचा सगळा धूर पहिल्या दिवसापासून पैशांत मोजायचा.

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. हे माझे मानलेले आकडे आहेत, तुमचे वेगळे येतील. समजा तुमच्या एक टन बोल्टमागे २.४ टन कार्बन डायऑक्साइड, बेंचमार्क १.४ टन आणि प्रमाणपत्राचा भाव ७५ युरो. गैरसमजाप्रमाणे हिशेब केला तर २.४ चे अडीच टक्के, म्हणजे ०.०६ टन, म्हणजे साडेचार युरो. किरकोळ. खऱ्या पद्धतीने केला तर १.४ च्या ९७.५ टक्के म्हणजे १.३६५ टन माफ, उरले १.०३५ टन, गुणिले ७५, म्हणजे जवळजवळ ७८ युरो. एक युरो शंभर रुपये धरला तर टनामागे ७,८०० रुपये. बोल्टच्या धंद्यात एवढा फायदा किती जणांना सुटतो, हे मी सांगायची गरज नाही.

याच आकड्यांनी २०३० चा हिशेब केला तर टनामागे १२६ युरो होतात आणि २०३४ मध्ये, माफी संपल्यावर, १८०. म्हणजे आपल्यासारख्या, बेंचमार्कपेक्षा बराच जास्त धूर असणाऱ्या मालाला पुढची चढण आहेच, पण पहिली पायरीच उंच आहे. युरोपीय पोलादाला २०२६ हलकं जाईल, आपल्याला नाही.

तो २.४ चा आकडा येतो कुठून?

बोल्ट करणाऱ्याच्या शेडमध्ये खरं तर फारसा धूर नसतो. वायर रॉड येते, ड्रॉइंग होतं, कोल्ड हेडिंग, थ्रेड रोलिंग, मग हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत जळणारा गॅस सोडला तर तुमच्याकडे जळतं काय? मोठा धूर निघाला तो पोलाद वितळलं तिथे, तुमच्यापासून शेकडो किलोमीटरवरच्या स्टील प्लांटमध्ये. सीबॅममध्ये कच्च्या मालाचा धूर मालाबरोबर पुढे चालत येतो.

त्यामुळे खरा आकडा मिलकडून, म्हणजे त्या स्टील प्लांटकडून, आणावा लागतो. तिथे तुमची रॉड कोणत्या वाटेने आली त्यावर सगळं अवलंबून. ब्लास्ट फर्नेसमध्ये कोक जाळून केलेल्या पोलादाला टनामागे दोन टनांच्या वर धूर लागतो. कोळशावर केलेला स्पंज आयर्न घातलेलं पोलाद त्याहून जड असू शकतं. भंगार वितळवून केलेलं सगळ्यांत हलकं, कारण सीबॅमच्या आजच्या नियमांत भंगाराचा मागचा धूर शून्य धरतात. भारताची सरासरी टनामागे २.५ टनांच्या आसपास सांगितली जाते. केंद्राच्या पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये 'हरित पोलादा'ची जी व्याख्या ठरवली, तिची वरची मर्यादा २.२ टन आहे आणि १.६ च्या खाली आलं तर पाच तारे. मात्र त्या ताऱ्यांचा हिशेब आणि सीबॅमचा हिशेब एक नाही. ताऱ्यांमध्ये विजेचाही धूर मोजतात. सीबॅममध्ये पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियमला सध्या फक्त थेट धूर मोजतात, वीज नाही.

याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. छतावर सोलर बसवला की सीबॅम कमी होईल, अशा आशेने बऱ्याच जणांनी खर्च केला आहे. विजेचं बिल कमी होतं, ते चांगलंच. गिऱ्हाइकाच्या 'सस्टेनेबिलिटी' फॉर्ममध्येही ते छान दिसतं. पण पोलादाच्या बोल्टच्या सीबॅम आकड्यात सोलरने आज काहीही फरक पडत नाही. पैसे मर्यादित असतील तर आधी कमी धुराची रॉड शोधण्यावर घालवा.

दुसरी कमी करण्यासारखी गोष्ट तुमच्याच हातात आहे: वाया जाणारा माल. एक टन बोल्टला १.१ टन रॉड लागते असं धरा. रॉडचा आकडा २.२ असेल तर बोल्टचा २.४२ झाला. माझ्या उदाहरणातला २.४ तिथूनच आला. उरलेलं कटिंगचं भंगार तुम्ही विकता, पण त्याच्याबरोबर धूर विकता येत नाही. भंगाराला शून्य धरल्यामुळे सगळा बोजा चांगल्या बोल्टवरच बसतो. १.१ चं १.०५ केलं तर आकडा २.३१ वर येतो, आणि हे डाय सेटिंग, कट-ऑफची लांबी, रिजेक्शन यांतून साधतं, नवीन भट्टी लागत नाही.

आता मिलकडून काय मागायचं? मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे एमटीसी, तुमच्याकडे आहेच. ३० सप्टेंबर २०२३ पासून युरोपने रशियन लोखंडावरच्या निर्बंधांसाठी 'हे पोलाद रशियातलं नाही' याचा पुरावा मागायला सुरुवात केली, तेव्हा बहुतेकांनी एमटीसीच पुढे केली होती. तिच्यावर हीट नंबर (पोलादाच्या एका वितळणीचा क्रमांक) असतो आणि केमिस्ट्री असते. धूर नसतो. मिलला वेगळं लिहून मागायला हवं: अमुक ग्रेडच्या रॉडचा टनामागे थेट धूर किती, कोणत्या वर्षाचा, कोणत्या प्लांटचा, तपासलेला आहे का, आणि तो सीबॅमच्या पद्धतीने काढला आहे का. मोठ्या मिल हे देऊ लागल्या आहेत. अडचण होते ती ट्रेडरकडून माल घेणाऱ्याची. ट्रेडरच्या आवारात चार मिलच्या कॉइल एकत्र पडलेल्या असतात, त्यांच्यावरचे टॅग पावसात गळून गेलेले असतात, आणि 'साहेब, माल चांगला आहे' याव्यतिरिक्त कागद नसतो. युरोपच्या ऑर्डरसाठी अशी खरेदी बंद करावी लागेल, निदान वेगळी ठेवावी लागेल.

स्टोअरमध्ये एक साधी सवय पुरते. कॉइल आत आली की हीट नंबर इनवर्ड रजिस्टरमध्ये. कॉइल मशीनवर चढली की तो नंबर बॅच कार्डावर. बोल्ट बाहेर जॉब वर्कला, प्लेटिंगला गेले तर चलनावर बॅच नंबर. डिस्पॅचला बॅचप्रमाणे पॅकिंग लिस्ट. संगणकावरची ईआरपी नसली तरी वहीत जमतं. मात्र प्लेटिंगवाल्याकडे दोन बॅच एकाच बॅरलमध्ये पडल्या की साखळी तुटली. आणि ती तिथेच तुटते, दहापैकी नऊ वेळा.

आकडा दिला नाही तर?

तर युरोपने ठरवलेला देशनिहाय 'डीफॉल्ट' आकडा लागतो. तो बहुधा तुमच्या खऱ्या आकड्यापेक्षा जड निघतो. वर त्यावर दंडासारखी वाढ चढते, २०२६ मध्ये १० टक्के, २०२७ मध्ये २० आणि २०२८ पासून ३०. समजा डीफॉल्ट ३.५ टन निघाला. १० टक्के चढवून ३.८५. माफीचे १.३६५ वजा केले की उरले २.४८५ टन, म्हणजे ७५ च्या भावाने सुमारे १८६ युरो. तुमच्या खऱ्या आकड्याने ७८. वीस टनांच्या कंटेनरमागे दोन लाख रुपयांहून जास्त फरक, केवळ कागद नसल्याचा. (प्रत्यक्षात डीफॉल्टसाठी बेंचमार्कही वेगळा धरतात, त्यामुळे हा ढोबळ अंदाज समजा.)

खरा आकडा वापरायचा तर २०२६ पासून तो त्रयस्थाकडून तपासून घ्यावा लागतो. मान्यताप्राप्त पडताळणीदार प्लांटवर येतो, मीटर बघतो, इंधनाची बिलं बघतो, उत्पादनाचे टन आणि वजनकाट्याच्या पावत्या ताडून पाहतो. हा खर्च छोट्या कारखान्याला टोचणारा आहे. वर्षाला एकच कंटेनर जात असेल तर पडताळणीची फी आणि डीफॉल्टचा फरक समोरासमोर मांडून बघा. कदाचित डीफॉल्टच स्वस्त पडेल, आणि तसं असेल तर गिऱ्हाइकाला सरळ सांगून दर ठरवा. पाच-सहा कारखान्यांनी एकत्र येऊन पडताळणीदार बोलावला तर प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च विभागतो. एमआयडीसीतल्या औद्योगिक संघटनांनी हे काम अंगावर घ्यायला हवं, दिवाळी स्नेहमेळाव्याइतकंच मनावर.

आणि गुप्ततेची काळजी. 'गॅस किती जळतो हे सांगितलं की तो माझी कॉस्टिंग काढेल', ही भीती खोटी नाही. त्यासाठी युरोपच्या सीबॅम रजिस्ट्रीत बाहेरच्या देशांतल्या कारखान्यांना थेट नोंदणी करण्याची सोय जानेवारी २०२५ पासून आहे. तपशील तिथे भरा, गिऱ्हाइकाला फक्त शेवटचे आकडे दिसतील अशी परवानगी देता येते. फुकट आहे. तरीही आपल्याकडचे बरेच जण सगळी एक्सेल उघडीच मेलवर पाठवतात.

पीओवर (खरेदी ऑर्डरवर) काय लिहून घ्यावं

इथे मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण खरं नुकसान इथे होतं. २०२६ मध्ये अनेक गिऱ्हाईक असं करताहेत: प्रमाणपत्रं अजून घ्यायची आहेत, भाव माहीत नाही, म्हणून डीफॉल्ट आकड्याने सीबॅमची रक्कम काढून ती तुमच्या बिलातून आत्ताच कापायची. पुढच्या वर्षी खरा, तपासलेला आकडा वापरून त्यांना प्रत्यक्षात कमी भरावं लागेल. मधला फरक कोणाचा? पीओवर लिहिलेलं नसेल तर त्यांचा. म्हणून लिहून घ्या की कापलेली रक्कम तात्पुरती आहे, प्रत्यक्ष जमा केलेल्या प्रमाणपत्रांप्रमाणे हिशेब होईल, आणि उरलेले पैसे अमुक तारखेपर्यंत परत येतील. त्यांनी दाखल केलेल्या घोषणेतला तुमच्या मालाचा भाग तुम्हाला दाखवावा, हेही त्यातच घाला.

भाव कोणत्या तिमाहीचा धरायचा, तेही. माल निघाला डिसेंबरात, युरोपात पोचला जानेवारीत, तर वर्ष बदललं, टक्का बदलला. हिशेब लागतो तो तिकडे कस्टम्समधून सुटण्याच्या तारखेला, तुमच्या बिल ऑफ लेडिंगच्या (जहाजावर माल चढल्याच्या पावतीच्या) तारखेला नव्हे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा प्रवास दोन-दोन आठवड्यांनी लांबला होता. वर्षअखेरीच्या मालाला ही जोखीम धरून चला.

डीडीपी अटीवर माल विकणाऱ्यांनी तर ताबडतोब वकिलाला नाहीतर चांगल्या सीएचएला गाठावं. डीडीपीमध्ये तिकडची आयातही तुमच्याच माथी असते. पण अधिकृत सीबॅम घोषणाकर्ता व्हायला युरोपीय संघात स्थापन झालेलं असावं लागतं. तुमची कंपनी भोसरीत. म्हणजे तुम्हाला तिकडचा अप्रत्यक्ष कस्टम्स प्रतिनिधी नेमावा लागेल, जो तुमच्या वतीने ही जबाबदारी घेईल, आणि तो ती फुकट घेणार नाही. बहुतेकांना डीडीपी सोडून एफओबी किंवा सीआयएफवर, म्हणजे तिकडची आयात गिऱ्हाईक करतो अशा अटींवर, येणंच परवडेल.

भारत-युरोप मुक्त व्यापार करारामुळे हे सगळं सुटेल का, असं हमखास विचारलं जातं. मालाच्या बाबतीत करारातली सवलत मुख्यतः सीमाशुल्काची असते, आणि सीबॅम हे सीमाशुल्क नाही. शुल्क शून्य झालं तरी धुराचा हिशेब राहतो. माल बनला त्या देशात कार्बनसाठी खरोखर पैसे भरले असतील तर तेवढी वजावट मिळते, अशी तरतूद सीबॅममध्ये आहे. भारताची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे, पण मिलने प्रत्यक्ष किती भरले याची पावती हातात येईपर्यंत तुमच्या हिशेबात ती धरू नका.

कास्टिंगवाले आणि सुट्या भागांचे कारखानदार आज यादीबाहेर असले तरी त्यांना निवांत बसता येणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने पोलाद-अ‍ॅल्युमिनियमपासून पुढे बनणाऱ्या सुमारे १८० वस्तू २०२८ पासून यात आणण्याचा प्रस्ताव मांडला आहे. प्रस्तावच आहे, कायदा होईपर्यंत यादी कमी-जास्त होईल. तुमचा कोड त्यात आहे का, ते मात्र आत्ता बघता येतं.

आणि इंग्लंडला माल जात असेल तर तिकडचा सीबॅम वेगळा आहे. तो १ जानेवारी २०२७ पासून सुरू होतो. तिथे सूट वजनावर नाही, किमतीवर आहे: बारा महिन्यांत ५०,००० पौंडांहून कमी सीबॅम माल आणणारा आयातदार बाहेर. फॉर्म निराळा, तारखा निराळ्या. मिलचा आकडा, हीट नंबर आणि बॅच कार्ड तीच चालतील.